उन्हातली सायकल: पाणी भरपूर प्यायलं, तरी ऊन का लागलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझं वय ४४. आठवड्यातले चार दिवस कामावर सायकलने जाते, एका बाजूचं अंतर ११ किलोमीटर. रविवारी ५०-६० किलोमीटरची मोठी फेरी असते. गेल्या रविवारी परतताना साडेअकराच्या सुमारास शेवटच्या लांब चढावर एकदम अंगावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजल्यासारखं झालं, डोकं ठणकायला लागलं, मळमळलं. अर्धा तास सावलीत बसल्यावर बरं वाटलं. सकाळपासून तीन लिटर साधं पाणी प्यायले होते, त्यामुळे पाणी कमी पडलं असं म्हणवत नाही. ग्रुपमधले म्हणतात, सवय होईल. घरचे म्हणतात, उन्हाळाभर सायकल बंद. पाणी नेमकं किती प्यावं, मीठ घ्यावं का, चढावर हेल्मेट काढलं तर चालेल का, येत्या रविवारी जाऊ का, आणि उन्हानं टायर फुटतात हे खरं का?

नमस्कार ताई,

सायकल बंद करायची गरज नाही. पण चढावर जे झालं ते ‘सवय होईल’ म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. भर उन्हात अंगावर काटा, थंडी, डोकेदुखी आणि मळमळ हे सगळं एकत्र आलं की समजायचं, अंगात तयार होणारी उष्णता बाहेर टाकताना शरीर मागे पडतंय. उष्माघाताच्या अलीकडची ही पायरी आहे. तुम्ही तिथल्या तिथे उतरलात आणि सावली गाठलीत, हे अगदी बरोबर केलंत. ‘एवढा चढ संपवून थांबू’ असं म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यातच प्रकरण हाताबाहेर जातं.

पाणी कमी पडलं नसावं, हा तुमचा अंदाज बहुतेक बरोबर आहे. पण नुसतं पाणी पोटात गेल्यानं अंग फारसं थंड होत नाही. घाम अंगावर वाळतो तेव्हा तो उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून टपटप गळलेला घाम काहीच काम न करता गेला, असं धरा. त्या चढावर तुम्हाला घाम भरपूर येत होता, तो वाळवायला वारा नव्हता.

थोडा हिशेब करू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. सायकल आणि सामान धरून एकूण वजन ८० किलो असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जायला पायांना साधारण ११० ते १२० वॉट जोर लावावा लागतो. सहा टक्के चढावर तेवढ्याच जोरात वेग मिळतो ताशी जेमतेम ८ किलोमीटर. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी अंगात साधारण ४०० वॉट उष्णता तयार होत असते, पण सपाटीवर अंगावरून ताशी २५ किलोमीटरचा वारा वाहतो आणि चढावर फक्त ८ चा. त्यात पाठीमागून ताशी ८-१० किलोमीटरची झुळूक असेल तर अंगाला लागणारा वारा जवळजवळ शून्य. एक लिटर घाम एका तासात पूर्ण वाळला तर साधारण ६७० वॉट उष्णता निघून जाते, म्हणजे ४०० वॉटसाठी तासाला ६०० मिली घाम वाळला पाहिजे. अर्धा घाम गळून गेला तर तेवढ्याच थंडाव्यासाठी तासाला १,२०० मिली घाम यावा लागेल. त्यात डोक्यावरचं ऊन आणि खालून तापलेल्या रस्त्याची झळ आम्ही अजून धरलेलीच नाही.

म्हणून उन्हात पहिला उपाय बाटलीचा नाही, जोर कमी करण्याचा आहे. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) ३२ किंवा ३४ दात्यांचं चक्र असेल तर तेच वापरा, नसेल आणि तुमच्याकडचे चढ लांब असतील तर दुकानात विचारून बसवून घ्या. उन्हाळ्यात या एका बदलाचा जितका उपयोग होतो तितका महागड्या जर्सीचाही होत नाही. जोर किती असावा याची साधी खूण: पूर्ण वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता आलं पाहिजे. हार्ट रेट मॉनिटर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, त्याच जोराला उन्हात ठोके १०-१५ नं जास्त पडतात, कारण रक्त त्वचेकडेही पाठवावं लागतं आणि घामानं ते थोडं कमीही झालेलं असतं. अशा वेळी वेगाचा आकडा विसरा आणि ठोक्यांची मर्यादा पाळा.

कुणी म्हणेल, हळू गेलं तर वारा आणखी कमी होईल. होईल, पण ८ वरून ६ वर आल्यानं मुळातच नगण्य असलेला वारा थोडा घटतो, अंगात तयार होणारी उष्णता मात्र सरळ पाव हिश्शानं उतरते. सौदा फायद्याचाच आहे.

कधी निघायचं, कुठल्या दिशेनं

हवा सगळ्यात गार असते सूर्योदयाच्या आसपास. ऊन डोक्यावर येतं दुपारी बाराच्या सुमारास, पण हवेचं तापमान चढत राहतं आणि बहुतेक दिवशी दुपारी तीन-चारच्या दरम्यान सर्वात जास्त असतं. संध्याकाळी उन्हं उतरली तरी डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला घरी येणं हे सकाळी सातला कामावर जाण्यापेक्षा कठीण असतं. कामावरून येताना त्याच रस्त्याला पाच-सात मिनिटं जास्त लागतील हे आधीच धरून चला.

सकाळी हवेत आर्द्रता ९० टक्के दिसते म्हणून काही जण दुपारची कोरडी हवा बरी समजतात. इथे आकडा फसवतो. २२ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत जेवढी वाफ असते, त्यापेक्षा ३८ अंशांना ४० टक्के असलेल्या हवेत थोडी जास्तच असते. घाम वाळणं अवलंबून असतं ते हवेतल्या प्रत्यक्ष वाफेवर, टक्क्यांवर नाही. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते) दिसत असेल तर तो पाहा. १५-१६ अंशांपर्यंत घाम सुखानं वाळतो, २० च्या पुढे चिकचिक जाणवते आणि २४-२५ च्या वर तो वाळण्यापेक्षा गळतोच जास्त. अशा दिवशी डोक्यावर पाणी ओतूनही फार फरक पडत नाही. तेव्हा अंतर आणि जोर दोन्ही कमी करायचे, दुसरा मार्ग नाही.

वाऱ्याबाबत सायकलवाल्यांचा जुना नियम आहे: जाताना समोरून, येताना पाठीमागून. पाय वाचवायला तो उत्तम. पण कडक उन्हाळ्यात येण्याची वेळ म्हणजे तापलेली वेळ, आणि तेव्हाच पाठीमागचा वारा अंगाला थंडावा मिळू देत नाही. तुमच्या मार्गात चढ शेवटी आहे, तोही साडेअकराला. फेरी उलटी फिरवा, म्हणजे चढ पहिल्या तासात संपेल. उलटी फिरवता येत नसेल तर तो चढ उन्हाळ्यापुरता वगळा. सरळ जाऊन परत येण्याऐवजी घराभोवती १५-२० किलोमीटरचे फेरे घ्या. त्रास झाला तर घर कधीच फार लांब नसतं आणि दर फेऱ्याला बाटल्या बदलता येतात.

पाणी किती

‘दिवसाला इतके लिटर’ असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा आम्ही देणार नाही, कारण घामाचा वेग माणसागणिक तासाला अर्धा लिटर ते दोन लिटर इतका बदलतो. तुमचा आकडा घरच्या वजनकाट्यावर काढता येतो. एखाद्या नेहमीच्या गरम सकाळी दीड तासाची फेरी ठरवा. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन, कपडे काढून वजन करा. वाटेत किती प्यालात ते बाटलीवरच्या खुणांवरून लिहून ठेवा. परत आल्यावर काही खाण्यापिण्याआधी अंग आणि केस कोरडे पुसून पुन्हा कपड्यांशिवाय वजन करा. ओले कपडे अंगावर ठेवून केलेलं वजन निरुपयोगी, कारण जर्सी आणि शॉर्टमध्ये दोन-तीनशे ग्रॅम घाम सहज असतो.

समजा, वजन ६२.० वरून ६१.३ किलो झालं आणि वाटेत ६०० मिली पाणी प्यालात. म्हणजे घाम गेला ०.७ अधिक ०.६, एकूण १.३ लिटर, दीड तासात. तासाला साधारण ८७० मिली. चार तासांच्या फेरीत तो होईल साडेतीन लिटरच्या आसपास. हा सगळा भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे सव्वा किलोपर्यंतची घट निरोगी माणसाला चालते. उरलं साधारण सव्वादोन लिटर, म्हणजे तासाला ५६० मिलीच्या जवळपास. दर पंधरा मिनिटांना तीन-चार मोठे घोट घेतले की झालं. एकदम अर्धी बाटली रिकामी केली तर पोट डुचमळतं, आणि तासाला लिटरभराच्या पुढे प्यालेलं बहुतेकांच्या पोटातून वेळेत पुढे सरकतच नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. तहान नसताना साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि परिस्थिती बिघडते. ओळखायची खूण: बोटं सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होतो, आणि फेरीनंतर वजन कमी होण्याऐवजी वाढलेलं असतं. तुम्हाला सावलीत अर्ध्या तासात बरं वाटलं, त्यावरून तुमचा त्रास उन्हाचाच दिसतो. तरी पुढच्या फेरीला तीन लिटर साध्या पाण्याऐवजी निम्मं तरी मिठाचं घ्या.

मीठ किती, तर एक लिटर पाण्यात छोटा चहाचा चमचा सपाट भरून त्याचा पाव भाग. हे साधारण दीड ग्रॅम होतं आणि त्यातून ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. सोबत ४० ग्रॅम साखर, म्हणजे त्याच चमच्यानं सपाट नऊ-दहा. साखर जिभेसाठी नाही, आतड्यातून सोडियम आणि पाणी शोषायला ती मदत करते आणि पायांना इंधनही मिळतं. लिटरला ८० ग्रॅमच्या पुढे साखर गेली की पोट जड होतं. बाटली हलवून मीठ पूर्ण विरघळलंय ना ते पाहा, नाहीतर तळाचा शेवटचा घोट खारट लागून उमळतं. तासाभराच्या आतल्या फेरीला, म्हणजे तुमच्या कामावर जाण्या-येण्याला, साधं पाणी पुरतं.

जर्सी वाळल्यावर तिच्यावर पांढरे नकाशे उमटत असतील किंवा घाम डोळ्यांत गेल्यावर फार झोंबत असेल तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. मग चमच्याचा पाव भाग वाढवून तिसरा हिस्सा करा. मिठाच्या गोळ्या मात्र नुसत्या गिळू नका, रिकाम्या पोटात त्या मळमळच वाढवतात. ओआरएसमध्ये सोडियम याच्या तिप्पट असतं. ते फेरीनंतर, फारच घाम गेला असेल तेव्हा उपयोगी, आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं. पायात पेटके आले की लगेच मीठ शोधलं जातं, पण बहुतेक वेळा थकलेला स्नायू हेच कारण असतं. थांबून तो ताणणं हा पहिला उपाय. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

फेरी संपल्यावर जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या दोन-चार तासांत थोडं थोडं प्या, जेवणासोबत. जेवणातल्या मिठानं ते अंगात टिकतं.

बाहेरून थंड कसं राहायचं

सायकलवर दोन बाटल्या असू द्या. एकीत मीठ-साखरेचं पाणी, दुसरीत साधं. साधं पाणी पिण्यासाठीही आणि अंगावर ओतण्यासाठीही. साखरेचं पाणी डोक्यावर ओतलं तर केस, हेल्मेटचे पट्टे आणि हँडल सगळं चिकट होतं. रात्री बाटली अर्धी भरून फ्रीझरमध्ये तिरकी ठेवा आणि निघताना वर पाणी भरा. तिरक्या बर्फाला पाणी जास्त भागाला टेकतं आणि तोंडाशी वाटही मोकळी राहते. पूर्ण भरून गोठवू नका, बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि बाटली तडकते. लांबच्या फेरीला दुहेरी भिंतीची बाटली घ्या.

चढाच्या पायथ्याशी थांबा, पाणी हेल्मेटच्या भोकांतून डोक्यावर, मग मानेवर आणि दोन्ही हातांवर कोपराच्या खाली ओता. जर्सीची छातीवरची चेन (झिप) खाली घ्या. कोरड्या हवेत हे फार चांगलं काम करतं. मानेभोवती बर्फाचा रुमाल बांधून बरं वाटतं, पण सावध राहा: मान गार झाली की मेंदूला वाटतं अंग गार झालं, प्रत्यक्षात आतलं तापमान तेवढंच असतं आणि माणूस नकळत जोर वाढवतो.

हेल्मेट काढू नका. ज्याला गरगरतंय तोच सायकलवरून पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि कमी वेगात पडलं तरी डोकं डांबरावर आपटायचं ते आपटतंच. शिवाय काढल्यावर ऊन थेट टाळूवर पडतं. सावलीत थांबलात की काढा, डोकं भिजवा, निघताना पुन्हा घाला. नवं घ्यायचं असेल तर पुढून मागे आरपार जाणाऱ्या खाचा असलेलं फिक्या रंगाचं घ्या. आतल्या फोमच्या पट्ट्या काढून दर फेरीनंतर धुवा. खारावलेली पट्टी कपाळावर पुरळ आणते.

कामावर जाताना पाठीवर सॅक असेल तर ती उद्यापासून कॅरिअरवर टाका. संबंध पाठ सॅकनं झाकली की घाम वाळायची केवढी मोठी जागा बंद होते! सॅक उतरवल्यावर कपड्यावर उमटलेला ओला चौकोन पाहिलात तर आम्ही काय म्हणतो ते कळेल. शेवटचे दोन किलोमीटर मुद्दाम हळू चालवा, नाहीतर पोचल्यावर वारा बंद होतो आणि पंधरा मिनिटं घाम निथळत राहतो. ओल्या पंचानं अंग पुसा, मग कोरड्यानं, आणि घाम सुटायचा थांबल्यावरच कपडे बदला.

कपडे फिके, सैलसर, जाळीदार पॉलिस्टरचे. सुती कपडा घाम धरून ठेवतो, जड होतो आणि काखेत, मांडीत घासतो. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट किंवा पांढऱ्या बाह्या उघड्या हातांपेक्षा चांगल्या: ऊन अडतं आणि ओल्या केल्या की गारही राहतात. पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही, आणि घरी आल्यावर ती पहिल्यांदा काढायची. ओल्या शॉर्टमध्ये बसून चहा प्यायला की बैठकीच्या फोडांची सुरुवात होते. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्यावरचं, पाण्यानं न धुपणारं, निघण्याआधी १५-२० मिनिटं लावा, चेहरा आणि मान मिळून एक छोटा चमचाभर, आणि दर दोन तासांनी पुन्हा. लोक हमखास विसरतात त्या जागा म्हणजे कान, मानेची मागची बाजू, गुडघ्याच्या वरची मांडी, पोटऱ्या आणि मनगटाच्या पुढचा हाताचा पंजा. भुवयांच्या वर कपाळावर कमीच लावा, घामासोबत ते डोळ्यांत उतरतं.

‘सवय होईल’ आणि धोक्याच्या खुणा

ग्रुपमधल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. रोज ६० ते ९० मिनिटं, हलक्या जोरात, उष्ण हवेत सायकल चालवली तर १० ते १४ दिवसांत शरीर खरोखर बदलतं. पहिल्या चार-सहा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं आणि ठोके उतरतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण ही सवय हलक्या जोरानं लागते, अंगावर काटा येईपर्यंत ताणून नाही. आठवडाभर खंड पडला तर ती ओसरू लागते आणि तीन-चार आठवड्यांत जवळपास जाते. आणि सवय लागल्यावर घाम वाढतो म्हणून पाणी जास्त लागतं, कमी नाही.

काही दिवशी सवयही कामाला येत नाही: ताप, जुलाब, नीट न झालेली झोप, आदल्या रात्रीचं मद्य. रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, ॲलर्जीच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनीही उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोला. फेरीआधी अंगदुखीची गोळी घेण्याची सवय असेल तर ती सोडा, पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर तिचा ताण पडतो. थकवा दाबणारी उत्तेजकं तर अजिबात नकोत. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्सच्या शर्यतीत मों व्हाँतूच्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळून मरण पावला, तेव्हा प्रचंड ऊन होतं आणि त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडलं. थांबायला सांगणारी जाणीव मेली होती, उष्णता तशीच चढत होती.

पुढच्या वेळी काटा, थंडी किंवा मळमळ सुरू होताच तुम्ही केलंत तसंच: उतरा, सावली, जर्सीची चेन उघडा, अंग भिजवा, वारा घ्या, पाय थोडे उंच ठेवून आडवं व्हा, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात पूर्ण बरं वाटलं तरी त्या दिवशी उरलेलं अंतर सायकलवर नाही, गाडीनं.

बोलणं असंबद्ध झालं, झोक जायला लागला, चिडचिड किंवा गोंधळ दिसला, आज कोणता वार आहे हे सांगता येईना, तर तो उष्माघात धरायचा. सगळ्या ग्रुपला एक गोष्ट सांगा: घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. श्रमानं होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं मोलाची असतात. एकानं रुग्णवाहिका बोलवायची, बाकीच्यांनी लगेच थंड करायला सुरुवात करायची, वाहनाची वाट पाहत बसायचं नाही. टब, हौद, मोठं पिंप, जे मिळेल त्यात मानेपर्यंत गार पाण्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा. ते नसेल तर सतत पाणी ओता, ओले कपडे अंगभर टाका, दर दोन-तीन मिनिटांनी बदला, जोरात वारा घाला. शुद्ध हरपलेली किंवा गोंधळलेली असेल तर तोंडात पाणीही घालू नका, कुशीवर वळवा. तापाची गोळी इथे चालत नाही, हा ताप वेगळा आहे.

येता रविवार, आणि टायर

आज डोकं पूर्ण शांत असेल आणि लघवीचा रंग फिका असेल तर दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन कामावर जाणं सुरू करा, हळू. या रविवारी ६० नाही, २५ ते ३० किलोमीटर, सपाट, सूर्योदयाला निघून नऊच्या आत घरात. घरी पोचताना शेवटची पाच-दहा मिनिटं हलके पाय फिरवत या. एकदम थांबून उभं राहिलं तर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. दर रविवारी दहा किलोमीटर वाढवा. याच लक्षणांनी दुसऱ्यांदा गाठलं, किंवा डोकेदुखी दुसऱ्या दिवशीही राहिली, तर फेरी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे.

टायर नुसत्या उन्हानं सहसा फुटत नाही. २५ अंशांना ८० पीएसआय हवा भरली आणि टायर ५० अंशांपर्यंत तापला तर दाब ८८ च्या आसपास जातो. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडली नाही तर ही वाढ तो सोसतो, म्हणून मर्यादेला टेकवून हवा भरू नका, पाच-दहा पीएसआय खाली ठेवा. फुटण्याची खरी कारणं दुसरी असतात: कडेला भेगा पडलेला जुना टायर, उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवलेली सायकल, उष्णतेनं सैल झालेलं ट्यूबचं ठिगळ, आणि रिम ब्रेक (चाकाची कड दाबणारे ब्रेक) असलेल्या सायकलवर लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरणं, ज्यानं रिम हात भाजेल इतकी तापते. उतारावर ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबा आणि सोडा, आलटूनपालटून पुढचा-मागचा. उन्हाळ्यात ठिगळापेक्षा नवी ट्यूब सोबत ठेवा. टायर ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) लवकर सुकतं, दर महिन्याला व्हॉल्व्हमधून पाहा. दुपारी डांबर पाघळून चकाकत असेल तिथे वळण घेताना सायकल झुकवू नका, आणि पुढे टायरला चिकटलेली खडी थांबून काढा. हँडलवर उन्हात लावलेला फोन तापून बंद पडतो, तेव्हा वाट पाठ असू द्या आणि फोन खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. घरी आल्यावर हँडलच्या बोल्टांवरून, वरच्या नळीवरून आणि हेडसेटभोवती (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याभोवती) साध्या पाण्याचा ओला फडका फिरवून लगेच कोरडा करा. वाळलेल्या घामातलं मीठ तिथे गंज धरतं, आणि हँडलच्या टेपखाली तो महिनोन्‌महिने दिसतही नाही.